दुकानसंकुलाची गच्ची गळते: खर्च करण्याआधी काय आणि कसं तपासायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या राजारामपुरीत तळमजला आणि वर तीन मजले असं दुकानसंकुल. गच्ची ५० बाय ८० फूट, म्हणजे ४,००० चौरस फूट. बांधून पंचविसेक वर्षं झालेली, वर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे सिमेंटच्या मसाल्यात बसवलेल्या विटांच्या तुकड्यांचा थर. पाणी जायला चार कोपऱ्यांत चार इंची चार पाइप. तिसऱ्या मजल्यावर कापडाचं गोदाम आणि एक क्लास. गेले तीन पावसाळे गोदामाच्या मध्यावर आणि जिन्यालगत स्लॅब गळतोय. एक ठेकेदार म्हणतो जुन्यावर नवा कोबा घाला, दुसरा म्हणतो पांढरं केमिकल मारा, तिसरा म्हणतो वर पत्रा टाका. कुणाचं ऐकायचं?

अजून कुणाचंच ऐकू नका. तिघांनी उपाय सांगितलाय, पण पाणी कुठून शिरतं हे एकानेही दाखवलेलं नाही. शहरातल्या दुकानसंकुलांच्या आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांच्या गच्च्या तपासण्यात आणि दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यावरून सांगतो, व्यापारी इमारतीत गळतीचं मूळ बहुतेक वेळा निचऱ्यात असतं, वरच्या लेपात नसतं. पाणी वेळेत खाली गेलं तर साधा कोबाही वर्षानुवर्षं टिकतो. पाणी उभं राहिलं तर महागातला लेपही दोन-तीन पावसाळ्यांत उठतो. म्हणून आधी निचरा तपासायचा, मग सांधे, आणि सगळ्यात शेवटी कोणतं केमिकल यावर बोलायचं.

तपासणीची सुरुवात गच्चीवरून करू नका, गोदामातून करा. तिथे बसणाऱ्या माणसाच्या हाती एक वही द्या. पाऊस कधी लागला, पहिला थेंब कधी पडला, पाऊस उघडल्यावर किती वेळ गळत राहिलं, वारा होता का, एवढंच लिहायचं. पाऊस लागल्यावर पाच-दहा मिनिटांत धार सुरू होत असेल तर पाण्याला सरळ वाट आहे: पाइपचं तोंड, स्लॅबमधून आरपार गेलेला एखादा बोल्ट किंवा केबल, उघडा पडलेला सांधा. पाच-सहा तासांनी टपकायला लागून पाऊस उघडल्यावरही दोन दिवस टपकत राहत असेल तर पाणी कोब्यात साठतंय आणि सावकाश झिरपतंय. पश्चिमेकडून जोराचा वारा असतानाच ओल येते, सरळ पडणाऱ्या पावसात येत नाही, असं दिसलं तर गच्चीचा पृष्ठभाग बाजूला ठेवून कठडा, हेडरूमची (गच्चीवर निघणाऱ्या जिन्यावरच्या खोलीची) भिंत आणि खिडक्यांवरचे छज्जे पाहायचे. आणि वळीव पडलेला नसताना एप्रिलमध्येही डाग ओला असेल तर त्याचा पावसाशी संबंधच नाही. टाकीचा ओव्हरफ्लो, पाणी चढवणारा पाइप, एसीच्या पाण्याची नळी, यांतलं काहीतरी गळतंय. टाकीचा पाणीपुरवठा एक दिवस बंद ठेवून आणि दुसऱ्या दिवशी टाकी काठोकाठ भरून पाहिलं की ते कळतं. पैसा खर्च होत नाही, फक्त भाडेकरूंना आदल्या दिवशी सांगावं लागतं.

डाग जिथे आहे तिथेच वर भोक असणार, ही समजूत मात्र मनातून काढून टाका. पाणी कोब्यातून उतरतं, स्लॅबच्या वरच्या अंगावर उताराने सरकत जातं आणि जिथे भेग किंवा पंख्याचा हुक-बॉक्स भेटेल तिथून खाली येतं. स्लॅबमध्ये टाकलेल्या वायरिंगच्या नळ्या तर फारच फसव्या असतात. पंधरा-वीस फुटांवर शिरलेलं पाणी नळीतून वाहत येऊन पंख्याच्या पॉइंटमधून टपकतं, आणि ठेकेदार नेमका त्या पॉइंटच्या वरची गच्ची फोडतो. गोदामाच्या मध्यावरची तुमची गळती अशा पॉइंटजवळ आहे का, हे आजच बघा. असेल तर त्या भागाची वीज आधी बंद करून घ्या. कापडाच्या गोदामात ओल्या पॉइंटमधून वीज वाहू देणं हा गळतीपेक्षा कितीतरी मोठा धोका आहे.

छताचा एक साधा नकाशा काढा. दोन बाजूंच्या भिंतींपासून मापं घेऊन प्रत्येक डाग त्यावर मांडा. हाच नकाशा हातात घेऊन नंतर गच्चीवर चढायचं आहे.

खालून पाहतानाच स्लॅबची अवस्था नोंदवा. पांढरे क्षार दिसत असतील तर काँक्रीटमधला चुना पाण्यात विरघळून बाहेर आलाय आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन तिथे साचलाय, म्हणजे ही वाट जुनी आहे. एका पावसाळ्यात एवढा थर बसत नाही. तांबूस डाग असतील तर सळई गंजायला लागली आहे. गंजलेलं लोखंड फुगतं आणि आपल्याखालचं काँक्रीट ढकलून पाडतं. लाकडी मुठीने किंवा छोट्या हातोडीने छतावर हलके ठोके देत फिरा. जिथे आवाज भद्द येतो तिथे प्लास्टर किंवा सळईखालचं काँक्रीटचं कव्हर सुटलंय. त्या भागाखाली माणसं बसवू नका, विशेषतः क्लासची मुलं. सळई उघडी पडली असेल तर गवंड्याकडून प्लास्टर मारून ती झाकू नका. तिथे स्ट्रक्चरल इंजिनीअरच लागतो. ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं महापालिका कायद्याने बंधनकारक आहे. तुमची इमारत त्याच्या जवळ आलीच आहे, तेव्हा गच्चीला हात घालण्याआधी ते करून घेतलंत तर दोन्ही कामं एका विचाराने होतील.

आता गच्ची. पहिली फेरी भर पावसात, छत्री-रेनकोट घेऊन. कोरड्या गच्चीवर उभं राहून केलेली पाहणी अर्धीच असते. पाणी कुठून कुठे वाहतंय, कुठे अडतंय, कुठल्या पाइपला जोराची धार आहे आणि कुठला नुसता ओला आहे, हे दहा मिनिटांत डोळ्यांना दिसतं. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. निसरड्या कोब्यावर कठड्याच्या कडेला जाऊ नका, आणि विजांचा पाऊस असेल तर वर जाऊच नका.

पाऊस उघडल्यावर ४८ तासांनीही पाणी उभं असेल तर तिथे निचरा नाही असं धरायचं, हा सर्वसाधारण निकष. आपल्याकडे अडचण अशी की जुलैमध्ये झड लागली की ४८ तास कोरडे मिळतच नाहीत. म्हणून ही पाहणी वळवाच्या पावसात करा. एप्रिल-मे महिन्यांत तासभर धो-धो कोसळतो आणि दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडतं. पाणी जिथे उभं होतं तिथे वाळल्यावर मातीचं वर्तुळ राहतं. गेरूने त्या वर्तुळाची कड आखून घ्या. जुन्या डबक्यांच्या जागा ओळखायला तर पाऊसही लागत नाही: काळपट शेवाळ, कोब्याला पडलेल्या बारीक जाळीसारख्या भेगा, कडेला मातीचे थर.

आखणी झाली की लेव्हल घ्या. त्यासाठी महागडं यंत्र नको, गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. कोब्याला १०० ला १ असा उतार असावा, म्हणजे १० फुटांमागे साधारण सव्वा इंच. आता हा हिशोब तुमच्या गच्चीला लावून बघा. ५० बाय ८० फुटांच्या गच्चीचा मध्य कुठल्याही कोपऱ्यापासून ४७ फुटांवर येतो. पाणी जायच्या जागा फक्त कोपऱ्यांत असल्याने मध्यावर कोबा कोपऱ्यापेक्षा सुमारे साडेपाच इंच उंच हवा. कोपऱ्यात किमान दोन इंच धरला तर मध्यावर साडेसात इंच. एवढा जाड कोबा प्रत्यक्षात क्वचितच घातला जातो. माल आणि वजन वाचवायला मधला भाग जवळजवळ सपाट ठेवतात. तुमची गळती नेमकी मध्यावरच आहे, म्हणून माझा पहिला संशय इथे आहे. नळीने मध्य आणि चारही कोपरे मोजा. फरक दोन-अडीच इंचच निघाला तर गळतीचं अर्धं कारण तुम्हाला सापडलं.

दुसरा संशय पाइपांच्या संख्येवर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमची गच्ची सुमारे ३७२ चौरस मीटर. ताशी १०० मिलिमीटर वेगाचा पाऊस पडला तर तासाला ३७,२०० लिटर पाणी खाली जायला हवं. इमारतींच्या नियमावलीत पाइपच्या आकाराचं जे कोष्टक वापरतात त्याप्रमाणे या वेगाला १०० मिलिमीटरचा, म्हणजे चार इंची, एक पाइप सुमारे ४२ चौरस मीटर गच्चीला पुरतो. म्हणजे तुम्हाला नऊ पाइप हवेत, आहेत चार. पावसाचा वेग निम्मा, ताशी ५० मिलिमीटर धरला तरी चार पाइप थोडे कमीच पडतात. त्यातला एक तुंबला की काय होईल ते सांगायला नको. कुणी म्हणेल, कोल्हापूर शहरात गगनबावड्याएवढा पाऊस कुठे पडतो? खरं आहे, वर्षाची बेरीज तिथे कित्येक पट जास्त. पण पाइपला वर्षाची बेरीज झेलायची नसते, त्या एका तासाची धार झेलायची असते, आणि वळवाची धार जुलैच्या झडीपेक्षा जोराची असते. पाइपांची परीक्षा वळीव घेतो. कोब्याची परीक्षा जुलै-ऑगस्टची झड घेते, कारण तेव्हा त्याला वाळायला दिवसच मिळत नाही.

प्रत्येक पाइपच्या तोंडाशी गुडघ्यावर बसून पाहा. उसाच्या फडातलं पाचट पेटवलं की काळी राख गच्च्यांवर उडून येते. कारखान्याच्या जवळ असाल तर गाळप हंगामभर काजळीही येते. शिरोली आणि गोकुळ शिरगावकडे फाउंड्रीची बारीक वाळू असते. शहरात कबुतरांची पिसं, पतंगाचा मांजा, गोदामातून उडालेले पॅकिंगचे प्लास्टिक तुकडे. हे सगळं वळवाच्या पहिल्या पाण्याबरोबर तोंडाशी येऊन घट्ट बसतं. तोंडावर सपाट जाळी असेल तर एक पिशवी चिकटली की पाइप बंद. घुमटाच्या आकाराची उभी जाळी बसवा, तिला कडेने पाणी जायला जागा राहते. जाळीच नको म्हणून काढून टाकलेली असेल तर कचरा खाली वाकणात जाऊन बसलेला असणार. तोंडाभोवती दीड फूट चौकोन आजूबाजूपेक्षा इंचभर खोल हवा. अनेक ठिकाणी नेमकं उलटं असतं: पाइपची कड कोब्याच्या वर अर्धा इंच आलेली असते आणि तेवढं पाणी कायमचं तिथे उभं राहतं.

जिन्यालगतची गळती पाइपच्या जवळ असेल तर एक सोपी चाचणी आहे. आधी नळीचं टोक पाइपमध्ये दोन फूट आत सोडून अर्धा तास पाणी सोडा, तोंडाचा सांधा ओला होऊ देऊ नका. खाली गळलं तर पाइप आतून फुटलाय किंवा त्याचा जोड सुटलाय. नाही गळलं तर पाइपमध्ये बोळा ठोकून तोंडाभोवती मातीची किंवा मसाल्याची छोटी पाळ करा आणि तिथे दोन इंच पाणी ठेवा. आता गळलं तर दोष तोंडाच्या सांध्यात आहे. पीव्हीसी पाइप उन्हाने जेवढा प्रसरण पावतो तेवढा सिमेंटचा मसाला पावत नाही, त्यामुळे दोघांमध्ये केसाएवढी फट पडते. ती साध्या सिमेंटने भरली की पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडते. तिथे लवचिक सीलंट आणि वर जाळीच्या कापडासह लेप लागतो.

कठड्यात ओसंडून जाणारी भोकं आहेत का, हेही पाहा. पाइप तुंबले तर पाण्याला दुसरी वाट हवी. पाइपच्या तोंडापेक्षा दोन-तीन इंच वर कठड्यातून आरपार पाइप काढून बाहेर पन्हळ ठेवली की काम होतं. ही भोकं नसतील तर गळतीच्या पलीकडचा धोका आहे, तो आकड्यांत सांगतो. वापरात असलेल्या सपाट गच्चीला भारतीय मानक ८७५ प्रमाणे चौरस मीटरला साधारण १५० किलो वरचं वजन धरतात. एक इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला २५ किलो. तुंबलेल्या गच्चीवर सहा इंच पाणी उभं राहिलं की ती सगळी मर्यादा पाण्यानेच संपली. वर टाक्या, फलक, भाडेकरूंचं भंगार असतंच. तीन फुटी कठड्याच्या बंद गच्चीवर जोराची झड लागून राहिली तर पाणी सहा इंचांपर्यंत साठू शकतं.

आता कोबा. विटांचे तुकडे मसाल्यात बसवून वर सिमेंटची घोटाई, ही आपल्याकडची जुनी आणि चांगली पद्धत. पण वरच्या घोटाईला भेग पडली की खालचा थर स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो. वरून कोरडा दिसतो, आत महिनाभर ओला असतो. लोखंडी पहारीचं बोथट टोक किंवा हातोडी आपटत गच्चीभर फिरा आणि पोकळ वाजेल तिथे गेरूने खूण करा. खुणा खालच्या नकाशावर चढवा. पोकळ भाग, डबकी आणि डाग एकमेकांजवळ येतायत का, हे पाहण्यात खरी तपासणी आहे. शंका उरलीच तर कोरड्या दिवसांत डबक्याच्या जागी नऊ इंच चौकोन स्लॅबपर्यंत हाताने फोडून पाहा. कोबा किती थरांचा आहे, स्लॅबवर आधीचा डांबरी थर आहे का, हे कळतं. रात्रीतून खड्ड्यात पाणी जमलं तर आजूबाजूचा कोबा पाण्याने भरलेला आहे, वाद संपला. खड्डा पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने लगेच बुजवा.

थर्मल कॅमेरा घेऊन येणारे लोक आता कोल्हापुरातही मिळतात. ओला भाग सूर्यास्तानंतर उशिरापर्यंत उष्णता धरून ठेवतो, त्या फरकावर तो चालतो. म्हणून भर दुपारी काढलेल्या रंगीत फोटोंवर पैसे देऊ नका, आणि खड्डा करून खात्री केल्याशिवाय फक्त फोटोवरून काम काढू नका.

कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथे गोलाई, म्हणजे वाटा, असतो. सगळ्यात जास्त भेगा तिथेच पडतात, कारण कठडा उन्हाने वेगळा हलतो आणि स्लॅब वेगळा. वाट्याच्या वरच्या कडेला नख जातं का बघा. कठड्याच्या माथ्यावर आतल्या बाजूला उतार आहे का, की पाणी बाहेरच्या प्लास्टरवरून ओघळतं, तेही बघा. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा पाऊस पश्चिम आणि दक्षिणेच्या अंगावर आपटतो, तिथल्या बाहेरच्या प्लास्टरच्या भेगा आधी भरायच्या. सांध्यात पिंपळ किंवा उंबर उगवला असेल तर नुसता उपटू नका, मूळ आत राहतं. सांधा उघडून मूळ काढा, मगच भरा.

व्यापारी इमारतींच्या बाबतीत माझा सगळ्यात जास्त राग नंतर बसवलेल्या गोष्टींवर आहे. जाहिरातीच्या फलकाचे पाय, मोबाइल टॉवर, एसीचे स्टँड, डिश, सोलर. बसवणारा माणूस येतो, कोब्यातून स्लॅबपर्यंत भोक पाडतो, बोल्ट मारतो, आणि जातो. भाडं मालकाला मिळतं, पाणी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला. तुमच्या गच्चीवर असं काय काय आहे याची यादी करा आणि प्रत्येक पायाभोवती अर्धा तास थोडं थोडं पाणी सोडून खाली माणूस उभा करा. खालून सुरुवात करून वर चढत जायचं: आधी पायाची बैठक, मग वाटा, मग भिंत. सगळीकडे एकदम पाणी मारलं तर कुठून आलं हे कधीच कळणार नाही. यापुढे कुणालाही गच्चीवर काही बसवू देताना सिमेंटच्या उंच चौथऱ्यावर बसवायचं आणि स्लॅबला भोक पाडायचं नाही, ही अट करारात लिहा. जिन्याच्या हेडरूमचा उंबरा गच्चीपेक्षा किमान सहा इंच उंच हवा. तुमची जिन्यालगतची गळती तिथूनही असू शकते.

एवढं झाल्यावर पाणी साठवून चाचणी. सगळी गच्ची एकदम भरू नका. वीटमसाल्याच्या किंवा वाळूच्या पोत्यांच्या पाळी घालून चार-सहा भाग करा, एका वेळी एकच भाग, खोली दोन इंचांपर्यंत, वेळ ४८ तास. खालून सळई उघडी दिसत असेल किंवा स्लॅब झोळ घेतलेला वाटत असेल तर ही चाचणी इंजिनीअरला विचारल्याशिवाय करायची नाही. मे महिन्यात ऊन पाणी पितं, त्यामुळे पातळी खाली गेली म्हणजे झिरपलंच असं नाही. शेजारी एका घमेल्यात तेवढंच पाणी ठेवा. घमेल्यापेक्षा गच्चीवरचं पाणी जास्त उतरलं तर फरक आत गेलेला आहे. दर दोन तासांनी खालच्या छताचे फोटो काढा. कापडाचे गठ्ठे आधी हलवा, ताडपत्रीवर भरवसा ठेवू नका.

आता तुमचे तीन ठेकेदार. जुन्यावर नवा कोबा हा सल्ला मी ठामपणे नाकारीन. चार इंच कोबा चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरतो. तुमच्या गच्चीवर ते ७० टनांहून जास्त होतं, म्हणजे स्लॅबला धरलेल्या सगळ्या वरच्या वजनापेक्षा अधिक, तेही कायमचं. शिवाय जुना ओला कोबा मध्ये कोंडला जातो. पांढरं केमिकल वाईट नाही. चांगल्या उताराच्या, वाजून पाहिलेल्या, कोरड्या गच्चीवर ते उपयोगी आहे आणि खालचा मजला थोडा थंडही राहतो. पण डबक्यात ते टिकत नाही, आणि ओल्या कोब्यावर मारलं तर आतली वाफ त्याला फोड आणते. पत्र्याची शेड गळती झाकते, पण तिला महापालिकेची परवानगी लागते, वाऱ्याची वर उचलणारी ओढ झेलणारे खांब लागतात, ते कॉलमच्या डोक्यावरच यावे लागतात, आणि तिचं पाणी वाहून न्यायला पन्हळ आणि पाइप लागतातच. चार पाइपांचा प्रश्न शेडखाली तसाच राहतो.

तुमच्या वर्णनावरून मला योग्य वाटणारा क्रम असा. आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक नवं तोंड काढून बाहेरून उभे पाइप. यासाठी कठड्याच्या तळातून आडवं भोक घ्यायचं, बीमला हात लावायचा नाही. त्यामुळे गच्चीच्या मध्यापासून पाण्याचं अंतर ४७ फुटांवरून २५ फुटांवर येतं आणि लागणारा उतार साडेपाच इंचांवरून तीन इंचांवर. पाणी शेजाऱ्याच्या हद्दीत पडणार नाही आणि ड्रेनेजमध्ये सोडलं जाणार नाही हे पाहा, शक्य असेल तर बोअरच्या पुनर्भरणाला जोडा. मग वाटा, पाइपांची तोंडं, बोल्टच्या जागा. कोबा एक तृतीयांशापेक्षा कमी पोकळ निघाला तर तेवढाच काढून नवा घाला आणि वर लेप. त्याहून जास्त असेल तर सगळा काढा, पण हाताने, छिन्नी-हातोडीने. पंचवीस वर्षांच्या स्लॅबवर ब्रेकर चालवला तर नव्या भेगा पडतात. स्लॅब उघडा झाल्यावर भेगा व्ही आकारात खोलून पॉलिमर मसाल्याने भरणं, ग्राउटिंग (दाबाने पातळ सिमेंट आत भरणं), वॉटरप्रूफिंगचा थर, त्याची पाणी साठवून चाचणी, आणि मगच कोबा. विटांचे तुकडे पाण्यात भिजवलेले हवेत, नाहीतर ते मसाल्यातलं पाणी ओढून घेतात आणि मसाला कच्चा राहतो.

वेळ जानेवारी ते मार्च. तोवर स्लॅब वाळलेला असतो आणि घोटाईवर निदान सात दिवस पाणी धरून ठेवता येतं. मेमध्ये सुरू केलेलं काम ऊन आणि वळीव यांच्यामध्ये सापडतं.

ठेकेदाराशी करार करताना थरांची जाडी, वापरायच्या मालाचं नाव, उताराची मापं आणि दोन वेळा पाणी साठवून चाचणी, हे लिहून घ्या. दहा वर्षांची गॅरंटी छापलेल्या कागदापेक्षा शेवटचा हप्ता ऑगस्टपर्यंत हातात ठेवणं जास्त उपयोगाचं. काम झाल्यावर मृगाआधी एकदा, जुलैच्या झडीत दर आठवड्याला आणि दसऱ्यानंतर एकदा पाइपांची तोंडं साफ करायचं काम एका माणसावर नावानिशी सोपवा.

लेव्हलची मापं, डागांचा नकाशा आणि गोदामातली वही तयार झाली की फोटो पाठवा. नवी तोंडं नेमकी कुठे काढायची ते नकाशावर खूण करून देतो.